वीस मीटर जास्त

सुईबाईंना दादाच्या अपमानाचं उट्टं काढायचं होतं, आणि त्यापायी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना ग्लुऑन म्हणजे काय ते शिकावं लागलं.

त्या काम करत होत्या ती संस्था मोठी. जमिनीखाली गोल बोगदा, त्यातून प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोर धावायचे आणि एका ठिकाणी एकमेकांवर आदळायचे. त्या जागेभोवती सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या रचलेल्या होत्या, पुठ्ठ्याच्या घरासारख्या एकावर एक. प्रत्येक पट्टीपासून तिच्या चिपपर्यंत केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी बारीक तार जोडायची. डिंक नाही, कथलाचा डाग नाही; सूक्ष्मदर्शकाखाली सुईने तार दाबायची, सुई क्षणभर थरथरते, आणि तार धातूला धरते. याला सगळे 'टाका' म्हणत. सुईबाईंनी असे किती लाख टाके घातले होते देव जाणे. नाव त्यावरूनच पडलेलं. नवीन आलेला एखादा शास्त्रज्ञ घाईत 'सुईणबाई' म्हणायचा, तेव्हा त्या मान वर न करता म्हणायच्या, "तेही करते. कधीचे दिवस आहेत?"

त्यांना हे काम शिकवलं दादाने. दादा म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ, त्या खोलीचा मुख्य कारागीर. वडील लवकर गेले, तेव्हा बहिणीला हाताला धरून त्यानेच इथे आणलं होतं. तिने लग्न केलं नाही. दादा आणि वहिनीच्या घरीच राहिली. दादाचं बोलणं मोजकं. "तुटलेला टाका दिसतो," तो म्हणायचा, "कच्चा दिसत नाही. म्हणून शंभरातले दहा ओढून बघायचे. आपल्याच हातावर विश्वास ठेवणारा कारागीर कामातून गेला समज."

यंत्र सुरू झालं. दोन वर्षं उत्तम चाललं. मग एका सकाळी संस्थेत पाहुणे आले, कोणीतरी मोठी माणसं, सोबत छायाचित्रकार. प्रयोगाचे प्रमुख, ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत, त्यांना पट्ट्यांचं ते चकाकतं घर उघडून दाखवायचं होतं. दादा आडवा आला. "साहेब, आत गारवा चालू आहे. झाकण काढलंत तर हवेतलं दव पट्ट्यांवर धरेल. चार तास द्या, आधी उबेवर आणतो."

"दहा मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले. "पाहुण्यांना चार तास उभं करू?"

दहाची चाळीस मिनिटं झाली. फोटो छान आले. पंधरा दिवसांनी एका बाजूचे टाके गंजून सुटायला लागले, आणि महिन्याभरात यंत्राचा आठवा हिस्सा आंधळा झाला. चौकशी बसली. साहेबांनी अहवाल लिहिला, त्यात झाकणाचा उल्लेख नव्हता. एक वाक्य होतं: 'टाक्यांचे काम सुरुवातीपासूनच कच्चे असल्याचे दिसते.' खाली दादाचं नाव.

दादाला भांडारात पाठवलं. तिथे तो खिडकीमागे बसून स्क्रू आणि हातमोजे द्यायचा. ज्यांना त्याने काम शिकवलं होतं ती माणसं खिडकीतून हात पुढे करून हातमोजे मागायची आणि त्याच्या नजरेला नजर देत नसत. त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. घरी मात्र जेवताना घास हातात धरून थांबायचा आणि म्हणायचा, "शंभरातले दहा ओढले होते मी. वीसही ओढले असतील." पावणेदोन वर्षांत हृदयाने दगा दिला. भांडारातच, दुपारी, खुर्चीवर.

साहेब अंत्यदर्शनाला आले. वहिनींसमोर हात जोडून म्हणाले, "फार प्रामाणिक माणूस. चूक कोणाकडून होत नाही?"

त्या एका वाक्याने सुईबाईंच्या डोक्यात राख घातली ती कायमची. माणूस मारून वर त्याला माफ करायला आला होता हा. घरी आल्यावर वहिनींना म्हणाल्या, "मी राजीनामा देणार नाही. लोक म्हणतील भावाचं असं केलं तरी तिथेच राबते. म्हणू देत."

"काय करणार तिथे राहून?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही अजून. पण लांबून साप मारता येत नाही."

संस्थेने त्यांनाही टाक्यांच्या खोलीतून काढून तारांच्या कामावर टाकलं. बोगद्यापासून मोजणीच्या दालनापर्यंत शेकडो जाड तारा जात. त्या टाकणं, तपासणं, खराब झाल्या की बदलणं. धूळ, शिड्या, गुडघेदुखी. त्या ते काम दादाच्या शिस्तीने करत. प्रत्येक बदल नोंदवहीत, तारीख, लांबी, सही. दातात ओठ धरून त्यांनी वर्ष काढलं.

दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं यंत्र पुन्हा चालू करून तिसऱ्या वर्षाची मोजणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्यांना एक तार बदलावी लागली. ती झोत सोडणाऱ्या यंत्राकडून यायची आणि पहिल्या झोताच्या खुणा मोजणीच्या दालनात पोचवायची. जुना मार्ग नव्या लोखंडी तुळईने अडवला होता, म्हणून तार वळसा घालून न्यावी लागली: वीस मीटर जास्त. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, आणि वर एक चिठ्ठी घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. "मार्ग बदलला. तार वीस मीटर जास्त. वेळ जुळवून घ्यावी."

साहेब फोनवर होते. त्यांनी नोंदवहीवर सही ठोकली, चिठ्ठी न वाचता फायलींच्या ढिगावर ठेवली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "वेळेचं आम्ही बघतो. तुम्ही तारा बघा."

सुईबाई बाहेर आल्या. तेव्हा त्यांच्या मनात फक्त रोजचाच राग होता. तार लांबली की वेळ जुळवावी लागते एवढंच त्यांना माहीत होतं; वीस मीटरचा अर्थ ठाऊक नव्हता.

तो कळला भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे प्रयोगावर पदवीचं संशोधन करणारी एक मुलगी. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरायची, एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव. दुपारचा डबा ती तारांच्या खोलीत येऊन खायची, कारण तिथे कोणी तिला प्रबंधाचं विचारत नसे. तिलाच सुईबाईंनी एकदा विचारलं, "आम्ही हे सगळं जोडतो ते कशासाठी, सांगशील? खरं सांग हं, पाहुण्यांना सांगतात तसं नको."

भिंगरीने सांगितलं. प्रोटॉन स्वतःभोवती फिरल्यासारखा वागतो. त्याला आम्ही फिरकी म्हणतो. आत क्वार्क आहेत, त्यांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन आहेत. लोकांना वाटत होतं सगळी फिरकी क्वार्कची असेल. मोजली तर जेमतेम तिसरा हिस्सा भरला. मग उरलेली कोणाची?

"प्रोटॉनने तुमचीच फिरकी घेतली म्हणायची," सुईबाई म्हणाल्या.

भिंगरी हसली. "घेतलीच. संशय ग्लुऑनवर आहे, पण त्यांना थेट बघता येत नाही. म्हणून आम्ही जड क्वार्क शोधतो. प्रोटॉनच्या घरात ते जवळजवळ नसतातच. दोन ग्लुऑन एकमेकांवर आदळले की ते जन्मतात. म्हणजे जड क्वार्क दिसला की समजायचं, इथे ग्लुऑन भेटले होते. तो लगेच मोडतो, पण मोडण्याआधी केसाभराचं अंतर चालून जातो. ते अंतर दिसतं तुमच्या पट्ट्यांमुळे. तुमचे टाके नसते तर माझा प्रबंध नसता."

"दादाचे," सुईबाई म्हणाल्या.

मग भिंगरीने मुख्य गोष्ट सांगितली. झोत सलग नसतो, पुंजक्या-पुंजक्यांनी येतो. काही पुंजक्यांची फिरकी सुलट ठेवलेली असते, काहींची उलट. दोन्ही बाजूंनी सारख्या फिरकीचे पुंजके भेटले तर जड क्वार्क किती जन्मले, आणि विरुद्ध फिरकीचे भेटले तर किती, या फरकातून ग्लुऑनची फिरकी किती आणि कोणत्या बाजूला ते कळतं. "पहिल्या झोतात एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट असे येतात. कोणता पुंजका कसा, त्याची खूण तारेने येते."

"दोन पुंजक्यांत अंतर किती?"

"सेकंदाचे एक कोटी भाग करा. त्यातला एक."

"आणि तारेत खूण किती वेगाने धावते?"

"एवढ्या वेळात वीस मीटर."

सुईबाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांना सगळं एकदम दिसलं, टाका धरल्याचा कळतो तसं. खूण एका घराने, म्हणजे एका पुंजक्याच्या जागेने, मागे पडली होती. एकाआड एक सुलट-उलट असलेल्या रांगेत एका घराची चूक म्हणजे प्रत्येक सुलटावर उलटाची चिठ्ठी आणि प्रत्येक उलटावर सुलटाची. सगळी मोजणी बरोबर, फक्त उत्तर डोक्यावर उभं.

"वेळ जुळवली असेल ना साहेबांनी?" त्यांनी सहज विचारलं.

"दुसऱ्या झोताची तपासली होती. झोतात काही घरं मुद्दाम रिकामी ठेवतात, त्यांच्या जागेवरून कळतं. पहिल्याचीही तपासू का विचारलं, तर साहेब म्हणाले, एकाची केली, पुरे. काय निकाल येतोय माहितीये? उलट बाजूला फिरतात ग्लुऑन. उणे चिन्ह. कोणी कल्पनाही केली नव्हती."

"आणि पहिल्या दोन वर्षांच्या मोजणीत?"

भिंगरी जरा अडखळली. "त्यात अधिक चिन्ह येत होतं, अगदी थोडंसं. पण ती साहेबांनी बाजूला काढली. टाके कच्चे होते म्हणून भरवशाची नाही, असं..."

तेव्हा सुईबाईंना कळलं की सूड काय असतो. या माणसाने दादाच्या बदनामीच्या पायरीवर पाय ठेवून आपली माडी चढवायला घेतली होती. एक शब्द त्यांनी भिंगरीला सांगितला असता तर दुपारीच चूक निघाली असती. साहेबांनी ती गुपचूप दुरुस्त केली असती, कोणाला पत्ता लागला नसता, आणि दादा कच्चा तो कच्चाच राहिला असता.

त्या गप्प बसल्या. अकरा महिने.

या अकरा महिन्यांत त्यांनी एक दिवस वाया घालवला नाही. नोंदवहीच्या पानाची प्रत काढली. गारवा आणि दव मोजणाऱ्या यंत्राच्या जुन्या कागदी नोंदी तळघरात पडल्या होत्या. त्यातून पाहुण्यांच्या दिवसाचा कागद शोधला. चाळीस मिनिटं रेघ छताला लागली होती. दादाच्या वहीत ओढून बघितलेल्या टाक्यांचे आकडे होते. शंभरातले दहा नव्हे, पंधरा. साहेब जिन्यात भेटले की त्या नमस्कार करायच्या. निकालाची कुजबुज वाढत गेली, साहेबांची मान ताठ होत गेली, बाहेरून बोलावणी यायला लागली. 'चढ,' त्या मनात म्हणायच्या. 'अजून दोन पायऱ्या चढ.'

फक्त दुपारचा डबा त्या अर्धा तसाच घरी परत न्यायच्या. भिंगरी समोर बसून आनंदाने आलेख काढायची. तिची दोन वर्षं त्या उण्या चिन्हावर उभी होती. एकदा ती म्हणाली, "ताई, प्रबंधात तुमचे आभार मानणार आहे मी." सुईबाईंनी जीभ उचलली होती. मग त्यांना भांडाराच्या खिडकीमागचा दादा आठवला, आणि त्यांनी जीभ खाली ठेवली.

निकाल जगाला सांगण्याआधी सगळ्या सहकाऱ्यांसमोर ठेवायची पद्धत होती. सकाळी दहाला सभागृह भरलं. पुढे शास्त्रज्ञ, बाहेरून आलेल्या एक वयस्क परीक्षकबाई, मागच्या रांगेत कारागीर. साहेब तासभर बोलले, आणि छान बोलले. शेवटी म्हणाले, "काही प्रश्न?"

सुईबाई उभ्या राहिल्या. "पहिल्या दोन वर्षांची मोजणी का वगळली?"

साहेबांनी कोण बोललं ते पाहिलं आणि आवाज मऊ केला. "टाक्यांचं काम कच्चं होतं. तुम्हाला त्याचं दुःख आहे, मी समजू शकतो."

"दुःखाचं नाही विचारत. टाका कच्चा असला तर पट्टी दिसेनाशी होते. मोजणी कमी भरेल. ती सुलट पुंजक्यांचीही कमी भरेल आणि उलट पुंजक्यांचीही. अधिकचं उणं कसं होईल?"

सभागृहात कोणीतरी खुर्ची सरकवली. परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "प्रश्न बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"मग एक कागद दाखवते." सुईबाई पुढे चालत गेल्या आणि नोंदवहीचं पान पडद्यावर दाखवायच्या काचेवर ठेवलं. "तिसऱ्या वर्षाच्या आधी पहिल्या झोताच्या खुणेची तार बदलली. वीस मीटर जास्त. ही लांबी, ही तारीख, ही माझी सही. आणि ही साहेबांची."

वीस मीटर म्हणजे किती वेळ, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

परीक्षकबाईंनी विचारलं, "वेळ जुळवली होती का?"

साहेब म्हणाले, "अर्थातच... म्हणजे, तपासणी झाली होती."

"दोन्ही झोतांची?"

ते भिंगरीकडे पाहायला लागले. सगळेच पाहायला लागले. भिंगरीने आपला संगणक उघडला, पहिल्या झोताच्या रिकाम्या घरांचा आलेख पडद्यावर आणला. लहान मुलालाही कळेल असं होतं ते: खूण म्हणत होती इथे घरं रिकामी, आणि टकरी सांगत होत्या, एक घर बाजूला. भिंगरीने घरं पुन्हा एकदा मोजली. ती हळू आवाजात म्हणाली, "चिन्ह उलटं आहे. सगळंच उलटं आहे."

"हे मला कोणी सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "कारागिरांची ही जबाबदारी—"

"सही कोणाची आहे?" परीक्षकबाईंनी विचारलं.

साहेब उभे होते, पण उभ्या-उभ्या बसल्यासारखे दिसले. सुईबाईंनी ते डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला सांगायचं, त्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी छातीत पूर्ण श्वास गेला. मग त्यांनी पिशवीतून दवाच्या नोंदीचा कागद आणि दादाची वही काढली आणि परीक्षकबाईंसमोर ठेवली. "बसलाच आहात तर हेही बघा."

जुनी चौकशी पुन्हा उघडली. साहेबांचं प्रमुखपद गेलं. नोकरी राहिली, दुसऱ्या इमारतीत, खालच्या मजल्यावर. तिन्ही वर्षांची मोजणी एकत्र करून निकाल बाहेर पडायला आणखी दीड वर्ष लागलं: जितकं मोजता आलं तितक्यात तरी ग्लुऑन प्रोटॉनच्याच बाजूने फिरतात, थोडेसे; नेमके किती ते सांगायला अजून पुष्कळ टकरी हव्यात. त्यात मथळा व्हावा असं काही नव्हतं. पण पहिली दोन वर्षं सगळ्यात स्वच्छ निघाली.

त्याआधीच, सभेच्या दुसऱ्या दिवशी, भिंगरी तारांच्या खोलीत आली. डबा आणला नव्हता. "तुम्ही मला तारेचा वेग विचारला होतात," ती म्हणाली. "तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"अकरा महिने मी इथे बसून तुम्हाला आलेख दाखवत होते."

"हो."

"मला तरी सांगायचं होतं. मी कोणाला बोलले नसते."

"बोलली असतीस. चांगली आहेस, म्हणून बोलली असतीस. आणि मग त्याने ते निस्तरलं असतं."

"म्हणजे त्यांनी तुमच्या दादांना वापरलं, आणि तुम्ही मला."

"तुझं नुकसान झालं ते माझ्या हातून झालं," सुईबाई एवढंच म्हणाल्या. भिंगरी जिना एकेक पायरी उतरत गेली. पुढे तिला पदवी मिळाली, उशिरा. दुसरीकडे चांगलं कामही मिळालं. जाताना ती सगळ्यांना भेटली. तारांच्या खोलीकडे फिरकली नाही. सुईबाई त्या दिवशी दार उघडं ठेवून बसल्या होत्या.

साहेबांशी त्यांची गाठ एकदाच पडली, उपाहारगृहात. ते स्वतःहून ताट घेऊन समोर बसले. वाळले होते. "माझ्याकडे यायचं होतंत," ते म्हणाले. "एकट्यात सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं."

"आले होते. चिठ्ठी घेऊन."

"कधी?" त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "मला नाही आठवत."

तो खोटं बोलत नव्हता, आणि सुईबाईंना त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. दादाने झाकणाबद्दल काय सांगितलं होतं तेही त्याला आठवत नसणार. त्या ताट उचलून दुसरीकडे बसल्या आणि पोटभर जेवल्या.

संस्थेचं पत्र वहिनींच्या नावाने घरी आलं. दोन परिच्छेद: आधीचा अहवाल मागे घेत आहोत, टाक्यांचं काम निर्दोष होतं, खेद वाटतो. वहिनींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, दादाच्या नावावर बोट ठेवलं, आणि विचारलं, "वन्सं, तुम्ही वेळेवर सांगितलं असतंत, तर हे पत्र आलं असतं?"

"नसतं आलं."

"मग बरं केलंत." वहिनींनी पत्राची घडी घातली. ती कपाटात ठेवताना म्हणाल्या, "त्या मुलीचं मात्र वाईट झालं."

"हो," सुईबाई म्हणाल्या. "तिचं वाईट झालं."

पुढच्या महिन्यात संस्थेने त्यांना परत टाक्यांच्या खोलीत बोलावलं, मुख्य कारागीर म्हणून. नव्या यंत्राच्या पट्ट्या आल्या होत्या. त्यांनी हो म्हणायच्या आधी एक अट घातली: झाकण उघडायचा अधिकार खोलीतल्या कारागिराचा, साहेब कोणीही असो. अट कागदावर आली, सही झाली. सुईबाईंनी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग सूक्ष्मदर्शकाची खुर्ची पुढे ओढली.